पट्टीचा सिद्धान्त

गुडघा बदलून घेतला आणि सहा आठवडे लेकीकडे राहायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. मांडी घालायची नाही, खाली वाकायचं नाही, वॉकर सोडायचा नाही. दर रविवारी जावयाच्या मित्रमंडळींची बडबड ऐकावी लागेल, हे तेवढं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उरलेलं आयुष्य मी जुन्याच गुडघ्यावर काढलं असतं.

जावयाचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस तसा वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढवत नाही, बायकोच्या कपड्यांना इस्त्रीसुद्धा करून ठेवतो. पण एक्केचाळीस वर्षांच्या बाप्याने रविवारी सकाळी भिंतीवर चार फुटी कागद चिकटवून, लाल-निळ्या पेनांनी रेघोट्या ओढत, कधीच बंद पडलेल्या एका टीव्ही मालिकेतली कुठली बाई खरी आणि कुठली खोटी यावर गळ्याच्या शिरा ताणाव्यात, याला काय म्हणायचं? लहान मूल भिंतीवर रेघा मारतं तेव्हा आपण त्याच्या पाठीत धपाटा घालतो. हा मारतो तेव्हा लोक त्याला चहा देतात. चहा माझी लेक देत होती.

मालिकेचं नाव ‘मागचा जिना’. एका जुन्या इमारतीला मागच्या बाजूने एक जिना असतो. तो उतरलं की माणूस मागच्या वर्षांत जातो आणि चढलं की पुढच्या वर्षांत. नायिका त्या इमारतीत राहते आणि सव्वीस भाग नुसती वर-खाली करते. सव्वीस वर्षांपूर्वी ही मालिका लागायची तेव्हा ती कोणी फारशी पाहिली नाही. पुढे कोणीतरी ती इंटरनेटवर टाकली आणि रिकामटेकड्यांना घबाड सापडलं.

आमच्या दिवाणखान्यात तिघं जमायचे. एक जावई. दुसरा डबल एम.ए. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण दोनदा एम.ए. झाल्याचं तो पाच मिनिटांत तीनदा सांगतो, तेव्हा वेगळं नाव लक्षात ठेवायची गरज पडत नाही. तिसरा औषधाच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे केमिस्ट म्हणायचे. तो जो शेवटचं बोलेल त्याला ‘अगदी बरोबर’ म्हणायचा.

वादाचं मूळ होती एक पट्टी. हाताला जखम झाल्यावर बांधतात ती, पांढऱ्या कापडाची. बाराव्या भागात नायिका घराचं दार उघडून बाहेर येते तेव्हा ती पट्टी तिच्या डाव्या हाताला आहे. एकोणिसाव्या भागात तोच क्षण पुन्हा दाखवलाय, या वेळी जिन्याच्या बाजूने. तर तिथे पट्टी उजव्या हाताला.

झालं. यावर त्या तिघांनी नऊ वर्षं काढली होती.

“दोन बायका आहेत,” डबल एम.ए. म्हणायचा. “डावी मूळ काळातली. उजवी दुसऱ्या काळातून आलेली तोतया. मी तत्त्वज्ञानात एम.ए. आहे, मला हे सांगायला नको.”

“तोतया कशी?” जावई म्हणायचा. “दोघी खऱ्या. जिन्याच्या वळणावर काळालाच फांदी फुटलीय. एका फांदीत डावा हात कापला, दुसरीत उजवा.”

“अगदी बरोबर,” केमिस्ट म्हणायचा.

जावयाने त्यावर एकशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं होतं. नाव ‘पट्टीचा सिद्धान्त’. लेकीला मी विचारलं, “हे तू वाचलंस?” ती म्हणाली, “आई, गुडघा वाकव.” लेक फिजिओथेरपिस्ट आहे. दयामाया नाही.

आतल्या खोलीत पाय उशीवर टाकून मी हे ऐकायची आणि दात आवळून पडून राहायची. कारण ती पट्टी डाव्या हाताची उजव्या हाताला कशी गेली, हे मला ठाऊक होतं. जगात ते जर कोणाला ठाऊक असेल, तर मला.

मी त्या मालिकेवर कामाला होते. कंटिन्युइटी बघायचे. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होतं. एकाच दृश्याचा एक तुकडा सकाळी होतो, दुसरा दुपारी, तिसरा पुढच्या आठवड्यात. पहिल्या तुकड्यात कप कुठल्या हातात होता, शर्टाची किती बटणं उघडी होती, बट कानामागे होती की पुढे, हे सगळं वहीत लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या तुकड्याच्या वेळी तसंच करवून घ्यायचं. काम चोख असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तरच नाव निघतं.

लेकीला हे माहीत होतं. नवऱ्याला तिने फक्त ‘आई स्टुडिओत होती’ एवढंच सांगितलेलं. “तू त्या मालिकेवर होतीस हे त्याला कळलं ना, तर तो तुला झोपू देणार नाही,” असं तिने मला लग्नाआधीच बजावलं होतं. मीही खूश होते. त्या मालिकेचा विषय मला नकोच होता. आणि तो का नको, हे लेकीलाही ठाऊक नव्हतं.

चौथ्या आठवड्यात जावई नाचतच घरी आला. चाहत्यांचा मेळावा भरणार होता, दोनशे लोक येणार होते, पुस्तक प्रसिद्ध होणार होतं आणि प्रमुख पाहुणे म्हणून मालिकेचे दिग्दर्शक यायला तयार झाले होते. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी. त्याआधी दुपारी साहेब आपल्या घरी चहाला येणार.

मी लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, “आई, तू आत पडून राहा. दार लावून घेते.”

“का म्हणून?” मी म्हटलं. “मी काय चोरी केलीय?”

त्या रविवारी मी चांगली साडी नेसले, केस विंचरले आणि वॉकर टेकत टेकत दिवाणखान्यातल्या उंच खुर्चीत जाऊन बसले.

साहेब आले. ऐंशी वर्षांचा माणूस, काठी हातात, पण मान अजून तशीच वर. आवाजही तोच, समोरच्याला न बघता बोलण्याचा. जावयाने ओळख करून दिली, “या माझ्या सासूबाई.” साहेबांनी माझ्या वॉकरकडे पाहून मान हलवली. चौदा महिने या माणसाला मी रोज सकाळी पहिला तुकडा कुठे संपला हे वाचून दाखवलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. बरंच झालं म्हणा. ओळखणारा माणूस खोटं जरा जपून बोलला असता.

डबल एम.ए.ला दम निघेना. चहा ओठाला लागायच्या आत त्याने विचारलं, “सर, आज निकाल लावा. पट्टी दोन हातांना का?”

साहेब हसले. कप खाली ठेवला. तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. नऊ वर्षं भुकेली राहिलेली तीन तोंडं समोर होती. अशा वेळी काय वाढायचं हे त्या माणसाला बरोबर कळायचं.

“तुम्ही पहिलेच,” ते म्हणाले, “ज्यांना ते दिसलं. मी मुद्दाम केलं होतं. सकाळी नायिकेला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा डावीकडे बांध, एकदा उजवीकडे. कोणाला कारण सांगू नकोस. म्हटलं, कधीतरी एखादा रसिक भेटेल आणि त्याला कळेल.”

जावयाचा चेहरा असा उजळला, की मला त्याची कीवच आली. डबल एम.ए.ने मांडीवर थाप मारली. केमिस्ट ‘अगदी बरोबर’ म्हणाला.

आणि माझ्या तोंडून गेलं, “किती खोटं बोलाल हो?”

लेक स्वयंपाकघराच्या दारात आली.

“आई?” जावई म्हणाला.

“दोन्ही तुकडे एकाच मंगळवारी झाले. सकाळी दाराकडचा झाला तेव्हा पट्टी डावीकडे होती,” मी म्हटलं. “मी लिहून घेतली होती. जेवायच्या सुट्टीत हात धुवायला म्हणून बाईंनी ती सोडली. परत बांधताना मेकअपच्या मुलीने उजव्या हाताला बांधली, कारण कुठला हात हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. मी नव्हते. मी वही पिशवीत टाकून निघून गेले होते. एवढीच आहे तुमची काळाची फांदी. एक पोरगी विसरली आणि एक बाई जागेवर नव्हती.”

साहेबांनी आता मला नीट पाहिलं. ओळख पटल्याचं डोळ्यांत दिसलं, पण चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. हे कसब मात्र मानलं पाहिजे.

“बरोबर आहे,” ते शांतपणे म्हणाले. “या होत्या आमच्याकडे कामाला. पण त्या दिवशी दुपारी त्या नव्हत्या. त्याच सांगताहेत. मग दुपारी मी काय ठरवलं, काय नाही, हे त्यांना कसं ठाऊक असणार?”

“हा मुद्दा आहे!” डबल एम.ए. उसळला. “प्रत्यक्षदर्शी नाही. ऐकीव पुरावा.”

“अगदी बरोबर,” केमिस्ट.

मी तरी काय करणार? कागद नाही, साक्षीदार नाही. मला हे सांगणारी ती मेकअपची पोरगी आता कुठे असेल देव जाणे. नायिका वारून दहा वर्षं झाली. आणि समोर ही बिनडोक माणसं, ज्यांना खरं नकोच होतं. ज्याची नऊ वर्षं एका पट्टीला बांधलेली आहेत, त्याला ‘ती चूक होती’ म्हणून काय सांगायचं? मला त्यांची इतकी किळस आली की उठून आत जावंसं वाटलं. पण या गुडघ्यानिशी तणतणत उठता येत नाही. वॉकर ओढायचा, तोल सांभाळायचा, तोवर राग निवतो.

तेवढ्यात जावई म्हणाला, “सर, एकच शंका.”

त्याने पुस्तकाची पानं उलटायला घेतली. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता हा काळाच्या आणखी दोन फांद्या काढणार.

“परिशिष्ट तीन,” तो म्हणाला. “श्रेयनामावली. अठराव्या भागापर्यंत शेवटी नऊ नावं येतात. एकोणिसाव्यापासून आठच. कंटिन्युइटीचं नाव गळलंय, ते शेवटपर्यंत परत येत नाही. आम्ही आजवर समजत होतो की हीसुद्धा खूण आहे, नववं माणूस काळाबाहेर गेल्याची.” मग माझ्याकडे वळून, “आई, ते नाव...”

“माझं माहेरचं,” मी म्हटलं. “कामावर मी तेच लावायची.”

नऊ वर्षं हे लोक माझं नाव घेऊन वाद घालत होते आणि गेले काही रविवार मी आत पाय वर करून पडले होते.

“तुम्ही काम सोडलंत?”

“सोडलं नाही. मला काढलं. तेरा दिवसांनी मी कामावर परत आले. पुढे एकोणिसावा भाग जुळवताना यांना चूक दिसली. पन्नास माणसांसमोर मला उभं केलं आणि म्हणाले, तुझ्या निष्काळजीपणाने माझं दृश्य मेलं, वही ठेव आणि चालती हो.”

जावयाने चष्मा काढला, पुसला, परत लावला. दुकानात गिऱ्हाईक चुकीचं अक्षर वाचतं तेव्हा तो असंच करतो.

“सर, क्रम लागत नाही,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. रविवारी भिंतीसमोर उभा राहून बोलतो तसाच बोलत होता. “मंगळवारी तुम्ही ठरवून पट्टी बदललीत. मग ती चूक नव्हती. जी चूकच नव्हती, तिच्यासाठी तुम्ही नंतर आईंना काढलंत कसं? काढलं असेल तर तेव्हा तुम्हाला ती चूक वाटत होती. म्हणजे मुद्दाम केल्याचं तुम्ही नंतर कधीतरी ठरवलंत. कधी ठरवलंत, सर?”

“त्यांना दुसऱ्या कारणाने काढलं असेल. इतक्या वर्षांनी कुठे आठवतं?”

“पण पट्टीचं सकाळी सांगितलं की दुपारी, हे आत्ता तुम्हाला आठवलं. सकाळी नायिकेला सांगितलं म्हणालात. मग लगेच म्हणालात, दुपारी ठरवलं.”

केमिस्टने तोंड उघडलं, पण कोणाला ‘बरोबर’ म्हणावं हे न कळून परत मिटलं.

साहेब काठीला रेलून उठले. “मला चहाला बोलावलं होतं,” ते म्हणाले, “कोर्टात नव्हे.” डबल एम.ए. धावत त्यांच्या मागे गेला, गाडीचं दार उघडायला. जाताना जावयाकडे पाहून म्हणाला, “नऊ वर्षांची माती केलीस, माती!”

संध्याकाळी मेळावा झालाच. काहीही अडलं नाही. माईक डबल एम.ए.ने घेतला. साहेबांनी व्यासपीठावर तीच गोष्ट सांगितली, आता आणखी रंगवून, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आल्याचंही त्यात आलं. दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. केमिस्टने त्याचा व्हिडिओ पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला नवल वाटलं नाही. माणसांना एक फालतू चूक देऊन बघा, ती पायदळी जाईल. तीच चूक एखाद्या मोठ्या माणसाच्या हातून दिली, की डोक्यावर घेऊन नाचतील.

जावई गेला नाही. पुस्तकांची खोकी दाराशी तशीच पडून होती. तो भिंतीवरच्या कागदासमोर स्टूल घेऊन बसला होता, हातात पेन, पेनाला टोपण तसंच. मला वाटलं, बिचारा खचला असेल. मी दोन शब्द बोलायला म्हणून वॉकर घेऊन बाहेर आले, खुर्चीत टेकले, तर हा विचारतो काय,

“आई, त्या मंगळवारी तुम्ही किती वाजता निघालात?”

काय बोलायचं या माणसाला? घर जळून गेलं तरी वासे मोजत बसेल.

“एकला वीस मिनिटं कमी होती,” मी म्हटलं.

“जेवायची सुट्टी कधी झाली?”

“एकला.”

“वीस मिनिटं आधी का निघालात?”

“ऑफिसात फोन आला. ह्यांना कारखान्यात छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं होतं.”

लेकीच्या हातात टॉवेल होता, घडी घालता घालता ती थांबली. तिला एवढंच ठाऊक होतं, की बाबा हृदयविकाराने गेले. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला काढलं ते पट्टीवरून, हेही तिला आजच दुपारी कळलं होतं.

“कशाने गेलात?” जावई.

“रिक्षा मिळेना. एका भाजीच्या टेम्पोला हात केला. पुढे दोन माणसं बसलेली, मी मागे पोत्यांवर बसले.”

“किती वेळ लागला?”

“पन्नास मिनिटं. दीडला पोचले.”

त्याने लिहून घेतलं नाही. नुसतं विचारत गेला. कुठल्या मजल्यावर, खाट खिडकीजवळ होती का, डॉक्टर किती होते. एकेक पायरी, एकही न गाळता. सांत्वनाला आलेल्या लोकांनी मला त्या वेळी काहीच विचारलं नव्हतं. सगळे ‘धीर धर’ म्हणायचे आणि विषय बदलायचे. हा निर्बुद्ध चष्मेवाला सव्वीस वर्षांनी मला विचारत होता की दवाखान्याच्या दारातून खाटेपर्यंत जायला किती वेळ लागला, आणि मी सांगत होते. सांगताना माझ्या लक्षात आलं, की मला सगळं आठवतंय. मी तेही मनात लिहूनच ठेवलं होतं, सवयीने.

“बाबा शुद्धीवर होते?” हे लेकीने विचारलं.

“होते. पावणेदोनपर्यंत.”

“म्हणजे पाव तास.”

“हो. पाव तास.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, पोरीला शाळेतून आणायला कोण गेलंय?”

लेक माझ्या खुर्चीशी खाली बसली आणि माझ्या चांगल्या गुडघ्यावर डोकं टेकलं. टॉवेल तिच्या हातातच होता. “शेजारच्या काकू आल्या होत्या,” ती म्हणाली. “मला आठवतंय. त्यांनी माझं दप्तर धरलं होतं.”

मी लेकीच्या केसांतून हात फिरवत होते. जावई भिंतीकडे बघत होता. मग त्याचे डोळे बारीक झाले. मला ते लक्षण आता चांगलं पाठ झालं होतं.

“म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “समजा, तुम्ही त्या दिवशी निघालाच नसतात, तर एका फांदीत...”

“गप बस,” लेक म्हणाली.

“गप बसा,” मी त्याच क्षणी म्हणाले. जावई आहे, म्हणून तेवढा एक काना जास्त.